पाटणे साहेबांचे कान आणि माझी शंका

सुभेदार रघुनाथ शंकर पाटणे यांची आणि माझी पहिली भेट नऊ वर्षांपूर्वीची. त्या भेटीला मी त्यांना चोर समजून गेले होते.

तेव्हा मी दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते आणि निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. माझ्याकडे एक जुना सीडी प्लेअर आहे. भावाने परदेशातून आणलेला, वजनाला पाट्यासारखा. त्याच्या डाव्या बाजूने सूं असा बारीक आवाज येऊ लागला होता. लावल्याबरोबर नाही, वीसेक मिनिटे गाणे चालले की मग. दोन दुकानांत दाखवला. दोन्हीकडे झाकणही न उघडता ‘लेन्स गया, मैडम’ असा निकाल मिळाला. मग आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवात कोणीतरी द्वारकेच्या पाटणे साहेबांचे नाव काढले आणि तिथल्या चार बायकांनी एका सुरात त्यांची स्तुती केली. माझी सगळी नोकरी दक्षता विभागात, म्हणजे सरकारी माणसांविरुद्धच्या तक्रारी तपासण्यात गेली. चार साक्षीदारांची जबानी शब्दाला शब्द जुळली की ती पढवलेली असते, हे मला तिथे पक्के ठाऊक झाले होते. म्हणून जाण्याच्या आदल्या दिवशी मी स्वतःच प्लेअरचे झाकण उघडले आणि आतल्या दिसतील त्या भागांवर गुलाबी नेलपॉलिशचे ठिपके दिले. भाग बदलून घेतले तर पकडता येईल, हा हेतू.

साहेबांची बाल्कनी हीच त्यांची कार्यशाळा. काचा लावून बंद केलेली, एक लांब टेबल, त्यावर सगळे जागच्या जागी. विमानतळ जवळ असल्यामुळे दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावरून विमान जाते. ते गेले की मग ऐकायचे, अशी तिथली रीत. त्यांनी मशीनला हात लावायच्या आधी मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. आवाज कधी सुरू होतो? कोणत्या बाजूने? दोन गाण्यांच्या मधे येतो का? घरात त्या वेळी आणखी काय चालू असते? मी आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारले होते. उत्तरे द्यायची वेळ पहिल्यांदाच आली. मग त्यांनी मशीन लावले, तापू दिले आणि आवाज सुरू झाल्यावर मागच्या दोन तारांची अदलाबदल केली.

“मॅडम, आता कुठून येतोय?”

“उजवीकडून.”

“अच्छा. म्हणजे आवाज तारेबरोबर गेला. स्पीकर सुटले, अॅम्प्लिफायर सुटला. दोष मशीनचाच.” त्यांनी पॉजचे बटण दाबले. गाणे थांबले, सूं चालूच राहिले. “आता सीडी सुटली आणि लेन्सही सुटली. गाणं वाचणारं कोणी कामालाच नाही, तरी आवाज आहे. आरोपी पुढच्या खोलीत बसलाय.”

एकेका संशयिताला पुराव्यानिशी सोडत सोडत खऱ्याकडे जाणारा माणूस मी आमच्या खात्यातही फार कमी पाहिला होता. पण कामाची पद्धत चांगली असलेले लबाडही मी पाहिले होते, त्यामुळे मत राखून ठेवले.

आठवड्याने मशीन घ्यायला गेले. दोष एका आठ पायांच्या चिपमध्ये सापडला होता. एकेका भागावर गार फवारा मारून पाहिले, आणि ती चिप गार होताच आवाज थांबला, असे त्यांनी सांगितले. काढलेली जुनी चिप कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिली. मी पुडी उघडून उलटसुलट पाहत होते, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुमच्या खुणा सगळ्या जागेवर आहेत, बघून घ्या. फक्त एक सांगू? तुम्ही खुणा मोठ्या पार्टवर केल्यात. चोरणारा बारीक पार्ट नेतो.”

आतून त्यांच्या पत्नी सुमनवहिनींच्या हसण्याचा आवाज आला. माझी मान खाली गेली. साहेब मात्र हसले नाहीत. पुढच्या वेळी कुठे खूण करायची ते त्यांनी झाकण उघडून दाखवले, अगदी मनापासून. त्यांना माझा राग आलाच नव्हता. मी तपास अर्धवट केला, याचेच त्यांना वाईट वाटले होते.

निवृत्तीनंतर मी द्वारकेतच घर घेतले, त्यांच्या सोसायटीपासून चालत दहा मिनिटांवर. शनिवारी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसू लागले. आधी नुसती बघायला, मग स्क्रू धरायला, आणि वर्षभरात सोल्डरिंगचे डाग द्यायलाही शिकले. या वयात मला शिष्या करून घेणारा माणूस विरळाच. मी चुकले की ते एवढेच म्हणत, “परत करू या.”

साहेब मूळचे सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. अठराव्या वर्षी फौजेत सिग्नल्समध्ये भरती झाले आणि वायरलेस सेट दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कानांना तासन् तास हेडफोन, आणि आसपास गोळाबारीचा सराव. खरखरीतून माणसाचा शब्द वेगळा काढायचा, हे त्यांचे रोजचे काम. निवृत्तीनंतर दिल्लीतच राहिले. जुने सीडी प्लेअर त्यांच्याकडे पुढे कसे जमत गेले ते त्यांनाही सांगता येत नाही. लोक नवी यंत्रे घेत होते आणि जुनी टाकवत नव्हती, एवढेच त्यांचे म्हणणे.

त्यांच्याकडून मशीन परत जाताना त्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली असे. “अर्धा तास गरम करून ऐकलं. स्वच्छ आहे.” खाली पूर्ण सही. कार्बन लावून तिची प्रत फाइलमध्ये. ही चिठ्ठी लावल्याशिवाय एकही मशीन त्यांच्या दारातून बाहेर गेले नाही. गिऱ्हाईक दारात उभे असले, घाईत असले, तरी अर्धा तास म्हणजे अर्धा तास. एकदा नोएडाच्या एका सद्गृहस्थांचे मशीन इथे टेबलावर स्वच्छ आणि त्यांच्या घरी गेले की घुं करायचे. चिठ्ठी खोटी ठरते, या एका काळजीने साहेब मेट्रोने तीन वेळा नोएडाला गेले. तिसऱ्या खेपेला दोष सापडला टीव्हीच्या केबलमध्ये. ती काढली की घुं बंद. मशीनचा काही संबंधच नव्हता. त्या गृहस्थांनी आग्रहाने जेवायला बसवले, आणि साहेब परत येऊन मला म्हणाले, “चिठ्ठी खरी ठरली बघा, ताई.”

त्यांच्या चांगुलपणाचा मला स्वतःला फार त्रास झालेला आहे. मला डेंग्यू झाला तेव्हा सुमनवहिनींनी बारा दिवस दोन्ही वेळचे जेवण पाठवले आणि साहेब डबा घेऊन स्वतः येत. मी अंथरुणात पडल्या पडल्या विचार करत असे, की यांना माझ्याकडून कोणते काम करून घ्यायचे असेल? ओळखीपाळखीचे? खात्यातले? मी दोन वर्षे वाट पाहिली. ते काम अजून निघालेले नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती लिहिताना मला जड जाते आहे.

सव्वा वर्षापूर्वी माझ्या मनात साहेबांबद्दल पुन्हा शंका शिरली. आधी हेडफोन लावून ते स्वतः ऐकत, आता पुष्कळदा गिऱ्हाइकाला बसवून म्हणत, “तुमच्या मशीनचा आवाज तुम्हीच ओळखा.” लोकांना तो नम्रपणा वाटे. मग त्यांचे लक्ष ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेची लाट पडद्यावर रेघेच्या रूपात दाखवणाऱ्या यंत्रावर, जास्त असायला लागले. रेघेवर लव दिसली की आवाज आहे, रेघ गुळगुळीत असली की नाही. बारीक आवाजाची लव त्या जुन्या पडद्यावर दिसत नाही, हे त्यांनीच मला शिकवले होते. आणि एका दुपारी वीज गेली, टेबलाखालचा यूपीएस किंचाळायला लागला, मी कानांवर हात ठेवले, आणि साहेब शांतपणे डाग देत राहिले.

मी यातून काय अर्थ काढला? तर साहेबांचे कामातून मन उडाले आहे, असा. ते आता न ऐकताच सही करतात, असा. ज्या कोणी माझ्यासारखी नोकरी केली असेल त्याला कळेल, की खोट्या दाखल्यावरची सही यापेक्षा मोठा गुन्हा आम्हाला माहीत नाही.

त्याच सुमारास रिद्धिमा आली. ही नोएडाच्या एका वाहिनीत ध्वनिमुद्रण करणारी मुलगी, विशीतली. महिन्यापूर्वी दुरुस्त होऊन गेलेला आपला प्लेअर घेऊन ती परत आली होती. साहेब नेमके बँकेत गेले होते, म्हणून मलाच म्हणाली, “आंटी, हिस अभी भी है। अंकल से बोलने में अच्छा नहीं लग रहा। चिट्ठी पर तो लिखा है, साफ़ है।”

मी हेडफोन लावला. सूं होते. डाव्या बाजूला, बारीक, पण अगदी स्पष्ट. वर चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर सही. मी तिला मशीन ठेवून जायला सांगितले आणि साहेबांना काहीच बोलले नाही. मशीन घेऊन घरी गेले आणि सापळा रचला.

पुढच्या शनिवारी तेच मशीन मी टेबलावर ठेवले. त्याला हातही लावलेला नव्हता. वरची जुनी चिठ्ठी आणि रिद्धिमाचे नाव काढून टाकले होते. मी म्हटले, “साहेब, हे माझ्या ओळखीच्या बाईंचं आहे. मी दुरुस्त केलंय. तुम्ही ऐकून चिठ्ठी द्याल का?” ते बसले. हेडफोन लावला. मी घड्याळाकडे पाहत होते, ते किती मिनिटांत उठतात ते पाहायला. दहा मिनिटे झाली, वीस झाली. विमान आले की ते डोळे मिटत आणि गेले की पुन्हा लक्ष देत. एकदा पॉज केले, एकदा तारा बदलल्या. पूर्ण अर्धा तास झाल्यावर हेडफोन काढून त्यांचा चेहरा उजळला.

“शाब्बास, ताई. बिल्कुल स्वच्छ.” आणि त्यांनी सही केली.

मी ज्या गुन्ह्यासाठी सापळा लावला होता तो गुन्हा घडलाच नव्हता. माझ्यासमोर बसून त्यांनी जीव लावून ऐकले होते. त्यांना ऐकू येत नव्हते, एवढेच. आणि ऐकू येत नाही हे त्यांना ठाऊक नव्हते, कारण बहिऱ्या कानाला प्रत्येक मशीन स्वच्छच वाटते. मला तेव्हा गप्प बसता आले असते. पण मी म्हटले, “साहेब, यात आवाज आहे. मी काही दुरुस्त केलेलं नाही.”

त्यांनी पेन खाली ठेवले. मग विचारले, “कसा आहे?”

“सूं. डावीकडे.”

“मोठा?”

“मोठा नाही. पण आहे.”

“मी ऐकलं होतं, ताई. खरंच ऐकलं. काही आलं नाही म्हणून स्वच्छ लिहिलं.” मी चिठ्ठी फाडायला हात पुढे केला तर त्यांनी ती बाजूला घेतली. “फाडू नका. पुरावा आहे.”

सुमनवहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “मला वाटायचं, माझं मुद्दामच ऐकत नाहीत. सगळ्या नवऱ्यांसारखं.” एरवी आम्ही तिघेही हसलो असतो.

तपासणीत निघाले ते असे, की उंच पट्टीतले आवाज त्यांच्या दोन्ही कानांतून बहुतेक गेले होते. वय आणि फौजेतली वर्षे, दोन्हींचा परिणाम. बोलणे ऐकायला यंत्र मिळाले. बारीक सूं त्यातूनही कळणार नव्हते. टेबल दहा दिवस बंद राहिले. त्या दहा दिवसांत मला एकदाही धड झोप लागली नाही. आयुष्यात कितीतरी लोकांना पकडले, त्यातल्या एकाबद्दलही वाईट वाटले नव्हते. आता आजारपणात मला भरवणाऱ्या माणसाला मी बनाव करून पकडले होते, आणि त्यांच्या हातून त्यांचे काम कायमचे सुटले असते तर ते माझ्यामुळे.

अकराव्या दिवशी फोन आला. “ताई, या. फाइल काढलीय.”

टेबलावर चिठ्ठ्यांच्या कार्बन प्रतींची फाइल होती. कान नेमके कधीपासून गेले ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून त्यांनी ठरवले होते की शेवटच्या चिठ्ठीपासून उलटे मागे जायचे, प्रत्येक मशीन परत बोलवायचे, आणि लागोपाठ पाच मशीन खरोखर स्वच्छ निघाली की मगच थांबायचे. मी म्हटले, फोन मी करते, तुमच्या तब्येतीचे काहीतरी सांगते. ते म्हणाले, “सही माझी आहे.” आणि माझ्यादेखत एकेकाला फोन केला.

“भाई साहब, ख़राबी मेरे कान में है। मैंने लिखकर दिया था कि साफ़ है, वो ग़लत हो सकता है। मशीन वापस ले आइए।”

पलीकडून बहुतेक वेळा समवयस्कच बोलत. एक निवृत्त अधिकारी मोठ्याने म्हणाले, ते मलाही ऐकू आले, “अरे, हमें तो कुछ सुनाई नहीं देता! बढ़िया चल रही है।”

“मुझे भी नहीं सुनाई देता,” साहेब म्हणाले, “इसीलिए बुला रहा हूँ।”

सतरा मशीन परत आली. सहांत आवाज होता. त्या सहांपैकी चार मालकांना तो कधी ऐकू आला नव्हता आणि येणारही नव्हता. साहेबांनी तीही दुरुस्त केली. मी ऐकत होते आणि सांगत होते, ते शोधत होते. गार फवारा मारला की माझ्या तोंडाकडे पाहत, आणि मी मान हलवली की पुढच्या भागाकडे जात. चिठ्ठी आता नवी आहे. दुरुस्ती केली, खाली त्यांची सही. ऐकलं, खाली माझी.

साहेबांच्या या गौरवग्रंथात लिहिण्यासाठी माझे नाव त्यांनीच सुचवले. मी त्यांना विचारले, की हे सगळे लिहू नको ना? संपादकांना तर त्यांच्या तीक्ष्ण कानांबद्दल मजकूर हवा होता. साहेब म्हणाले, “माझे कान चांगले आहेत असं बाकीचे सगळे लिहितील, ताई. तो ग्रंथ वाचून कोणी मशीन आणलं आणि मीच ऐकतो असं समजून घेऊन गेलं, तर? तुम्ही लिहा.” म्हणून लिहिले आहे. ज्यांना हे गौरवाच्या प्रसंगी खटकेल त्यांनी माझ्यावर रागवावे, त्यांच्यावर नाही.

पण गोष्ट इथेही संपत नाही, आणि पुढचे सांगायला मला साहेबांनी सांगितलेले नाही.

मागच्या महिन्यात एका शनिवारी त्यांनी माझ्या कानांवर हेडफोन चढवला आणि म्हणाले, “जरा ऐका, हे देऊ का आजच?” मी डोळे मिटून ऐकले. विमान जाऊ दिले. पुन्हा ऐकले. आणि म्हटले, “थांबा. आहे. अगदी बारीक, उजवीकडे.”

“नक्की?”

“नक्की. तुम्हाला नाही कळणार.”

त्यांनी हेडफोनच्या तारेचे टोक वर धरून दाखवले. ते कशालाच जोडलेले नव्हते. मी नुसती तार ऐकत होते.

स्वयंपाकघरातून वहिनींचे हसणे ऐकू आले. साहेब हसले नाहीत. खुर्ची माझ्याकडे वळवून हळू आवाजात म्हणाले, “मला असलेला आवाज येत नाही, ताई. तुम्हाला नसलेला येतो. तुमचं दुखणं माझ्यापेक्षा जुनं आहे.”

मला रडू कोसळले. नोकरीतली सगळी वर्षे माझ्यापुढे उभी राहिली. किती लोकांमध्ये मला सूं ऐकू आले असेल, आणि त्यांची तार कशाला जोडलेली आहे की नाही हे पाहायला माझ्याजवळ कोणीच नव्हते. साहेबांनी वहिनींना चहा टाकायला सांगितला आणि मला म्हणाले, “परत करू या.” त्या दिवसापासून मी आवाज आहे म्हटले की ते तार काढून लावतात, आणि मी दुसऱ्यांदा तेच सांगितले तरच मशीन उघडतात. त्यात कमीपणा वाटून घ्यायचा नाही, हे मी त्यांना सतरा फोन करताना पाहून शिकले आहे.

सुभेदार पाटणे यांना निरोगी आणि भरपूर आयुष्य मिळो. त्यांचे हात असेच स्थिर राहोत आणि सुमनवहिनींची साथ त्यांना शेवटपर्यंत लाभो. ही मागणी मी निव्वळ त्यांच्यासाठी करत नाही. त्या टेबलाशी मला एकटीला बसवले, तर दिल्लीतली सगळी चांगली मशीन मी उघडून ठेवीन.

– शैलजा दामले, द्वारका